निघायच्या आधी एकदा जाऊन ये

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण घराबाहेर पडायचं म्हटलं की लघवी लागते." मानसतज्ज्ञ म्हणून हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की आज एकीची गोष्ट सांगतेच. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.

पंचेचाळिशीच्या शिक्षिका. लघवीची तपासणी, साखर, सोनोग्राफी झालेली. (हे आधी व्हायलाच हवं. जळजळ, ताप, लघवीत रक्त, रात्री सारखं उठणं असेल तर आधी डॉक्टर, मग मी.) लग्नाला गेल्या की नवरीच्या आधी बाथरूम शोधायच्या. एसटी चार वर्षं बंद. प्रवास असला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद.

"एका वेळी किती होते?"

त्या हसल्या. "ते कोण मोजतं?"

"तुम्ही. मापाचं भांडं घ्या, तीन दिवस लिहून आणा."

वही आली. ६०, ७०, ५०, ८० मिली. आणि तिन्ही दिवशी पहाटेचा आकडा ४०० च्या आसपास. मी काहीच बोलले नाही. त्याच वहीकडे बघत राहिल्या.

"म्हणजे रात्री हीच लघवीची पिशवी चारशे धरते?"

अशा क्षणी गप्प बसता येणं ही माझी वीस वर्षांची कमाई.

मग कागदावर चित्र काढलं. दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत घेतात. उरते दीड लिटरच्या आसपास लघवी. ती दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात ठिबकते, तासाला साधारण ६० मिली. पिशवी दीडशे-दोनशेला पहिली आठवण करून देते, ४००-५०० सहज धरते. म्हणजे बाई दर तासाला जवळजवळ रिकामी पिशवी रिकामी करत होत्या, आणि पिशवीही तेवढ्यालाच हाक मारायला शिकली होती.

"ही सवय कधीची?"

"आई म्हणायची ना, निघायच्या आधी एकदा जाऊन ये."

कुणाची आई म्हणत नाही? माझे काही सहकारी इथून आईच्या नात्यात शिरले असते. मी सवयीकडे बघणारी. शिकलेलं बदलता येतं, एवढ्यावर माझा धंदा चालतो.

घाई झाली की धावायचं नाही. जागच्या जागी थांबा, लघवी रोखणारे खालचे स्नायू आवळा, शंभरातून सात-सात वजा करत जा. बहुतेकदा मिनिटा-दोन मिनिटांत कळ ओसरते. मग पाच मिनिटं थांबून जा, पुढच्या आठवड्यात दहा. अडीच-तीन तासांवर आलात की पुरे. पाणी तोडू नका, दाट लघवी पिशवीला टोचते. चहा मात्र कमी करा. आणि दुसरं टोकही नको: शाळेतलं बाथरूम घाण म्हणून सहा-सहा तास धरून बसणाऱ्या शिक्षिकाही माझ्याकडे येतात, जंतुसंसर्ग घेऊन.

तीन महिन्यांनी बाईंचा मेसेज आला. पुण्याहून कोल्हापूरला एसटीनं निघाल्या होत्या.

"कराडला चहा घेतला. अख्खा कप. तुम्ही कमी करा म्हणाला होतात, माहितीये."