गीझर मालकाचा, आंघोळ भाडेकरूची

थंडी पडली की गीझरची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी बरीचशी भाड्याच्या फ्लॅटबद्दल आहेत. तिथे खरेदी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, त्यामुळे साधी गोष्टही तंटा होऊन बसते. चार प्रश्न घेतो.

वाकडमधला माझा फ्लॅट तीन नोकरदार मुलांना दिला आहे. १५ लिटरचा गीझर नऊ वर्षांचा झाला, खालून गळतोय. मुलं २५ लिटरचाच हवा म्हणतात. पाणी बोअरचं आणि टँकरचं. कोणता घेऊ?

आधी गळती कुठून आहे ते बघा. पाइपच्या जोडातून किंवा व्हॉल्व्हमधून असेल तर वॉशर किंवा व्हॉल्व्ह बदलून काम भागतं, नवा गीझर नको. पण बाहेरच्या कव्हरच्या कडेने तांबूस पाणी झिरपत असेल तर आतली टाकी गेली. "वेल्डिंग मारून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

लिटरच्या बाबतीत मुलांचं बरोबर आहे. ६० अंशाचं १५ लिटर पाणी, २० अंशाचं तेवढंच गार पाणी मिसळलं की ३० लिटर होतं, म्हणजे जेमतेम दोन बादल्या. तिघं सकाळी एकाच तासात निघणार असतील तर तिसऱ्याची आंघोळ गार पाण्याने. २५ लिटरवर हाच हिशेब ५० लिटरचा होतो. २ किलोवॅटच्या कॉइलला तेवढं पाणी तापवायला पस्तीसेक मिनिटं लागतात.

मात्र तुमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. असाच बोअरच्या पाण्यावरचा एक गीझर मी खोलला होता. कॉइलवर खडूसारखा थर इतका जाड होता की आतली नळी दिसेना, आणि तळातून अर्धी बादली पांढऱ्या खपल्या निघाल्या. अशी कॉइल पाण्याआधी स्वतःच तापते आणि जळते. म्हणून आतून काचेचा लेप दिलेली टाकी घ्या आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड सहज काढता येतो का ते दुकानातच विचारा. टाकीऐवजी तो रॉड झिजतो, हेच त्याचं काम. दर वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी तो काढून बघायला सांगा; पेन्सिलीएवढा उरला असेल तर बदला. सर्व्हिसिंग कोणी करायचं ते करारात लिहा, नाहीतर कोणीच करत नाही.

आणखी दोन गोष्टी. २५ लिटरचा भरलेला गीझर म्हणजे भिंतीला टांगलेलं ३५ किलोच्या आसपासचं ओझं. नव्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत साधा फास्टनर धरत नाही. त्या ब्लॉकसाठीचाच घ्या. दुसरं म्हणजे, जुनी वायर बघितल्याशिवाय नवा गीझर जोडू नका. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), एवढं हवंच. हा खर्च मालकाचा, त्यात घासाघीस नको.

गीझर बंद पडला. घरमालक म्हणतात, "तुम्ही वापरलात, तुम्हीच बदला." करार ११ महिन्यांचा आहे. खर्च कोणाचा?

आधी करार काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार भाडेकरू १५ दिवसांची नोटीस देऊन, मालक हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण ११ महिन्यांचा करार बहुधा लीव्ह अँड लायसन्सचा असतो, आणि त्यात तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक असता, म्हणून त्या कलमाच्या भरवशावर परस्पर भाडं कापू नका. तुमच्यापुरतं करारातलं वाक्य महत्त्वाचं.

वाक्यच नसेल तर माझं मत असं: वयाने गेलेली टाकी मालकाची, टाकी रिकामी असताना बटण दाबून जाळलेली कॉइल तुमची. मेकॅनिककडून कारण लिहून घ्या आणि ते मालकांना पाठवा. नवा आला की बिल त्यांच्याकडे, बिलाचा आणि वॉरंटी कार्डाचा फोटो तुमच्याकडे.

२२ मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. नव्या गीझरचा व्हॉल्व्ह रोज ठिबकतो. प्लंबरने त्याच्या तोंडाला बूच मारलं, आता ठिबक बंद आहे. ठीक ना?

आजच्या आज गीझर बंद करा आणि ते बूच काढा. कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून गॅस पेटवल्यासारखं आहे हे.

२५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की फुगून दीड-दोन पेले जास्त होतं. मागे जायला वाट नसते, कारण त्याच व्हॉल्व्हमध्ये पाणी परत न जाऊ देणारी झडप असते. ते जादा पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडतं. गीझर तापताना ठिबकणं म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत आहे. तोंडाला बारीक नळी लावून ती मोरीत सोडा, झालं.

चोवीस तास ठिबकत असेल तर मात्र दाब बघा. तुमच्या डोक्यावर सतरा मजल्यांची पाण्याची उभी लाइन आहे, दहा मीटरला साधारण एक बार (दाबाचं माप) धरला तर पाच बार नुसते उंचीचे. सोसायटीने मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलाय का, चालू आहे का, ते विचारा. गीझरच्या माहितीच्या पट्टीवर, तो किती दाब सोसतो तिथे, ०.८ एमपीए, म्हणजे आठ बार, लिहिलेलं असावं.

विद्यार्थिनींना खोली दिली आहे. विजेचं बिल वाचावं म्हणून बाथरूममध्ये गॅस गीझर लावावा का?

बंद बाथरूममध्ये नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी. ज्योत खोलीतली हवा खाते, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळ करणारीला गरगरल्यासारखं होतं आणि दाराला आतून कडी असते. बाहेर मोकळ्या हवेत बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणता येत असेल तरच विचार करा.

बिलाचं म्हणाल तर २५ लिटरची टाकी एकदा तापवायला साधारण सव्वा युनिट लागतं. विजेचाच गीझर लावा, खोलीला सबमीटर बसवा आणि करारात लिहा की मीटरप्रमाणे बिल मुलींनी भरायचं.