ओटीपी आलाच नाही, मग लॉगिन झालं कसं?

प्रश्न: ताई नमस्कार. गेल्या आठवड्यात गूगल अकाउंट उघडताना 'पासकी तयार करा' असं काहीतरी आलं, मी ओके ओके करत गेलो. आता पासवर्ड विचारत नाही, ओटीपी येत नाही, नुसतं बोट टेकवलं की आत. आधी दोन कुलपं होती, आता एकही नाही असं वाटतंय. शिवाय माझ्या बोटाचा ठसा गूगलकडे गेला की काय ही धाकधूक आहेच. (एक निवृत्त वाचक)

उत्तर: काका, आधी ठशाचं सांगते, तो फोनच्या बाहेर गेलेला नाही. बोट लावून तुम्ही फक्त तुमच्या फोनची खात्री पटवता की मीच आहे बाबा, पुढचं बोलणं फोन करतो.

आणि ते बोलणं भारी आहे. पासकी बनवताना किल्ल्यांची एक जोडी तयार होते, त्यातली खाजगी किल्ली तुमच्याकडेच राहते आणि सार्वजनिक किल्ली साइटला दिली जाते. पुढच्या लॉगिनला साइट एक आकडा पाठवते, दरवेळी नवा, फोन खाजगी किल्ली वापरून त्यावर सही करतो आणि साइट तिच्याकडच्या किल्लीने ती सही ताडून बघते. बस. उद्या साइटचा अख्खा डेटाबेस चोरीला गेला तरी चोराच्या हाती नुसता सार्वजनिक किल्ल्यांचा जुडगा लागणार, त्याने एकही दार उघडत नाही.

आता ओटीपीचं म्हणाल तर ते दुसरं कुलूप तुम्हाला वाटतं तेवढं पक्कं नव्हतंच हो. खोटी साइट, दिसायला हुबेहूब खरी, तुम्ही पासवर्ड टाकलात, खरा ओटीपी आला, तोही टाकलात, आणि पलीकडे चोराच्या प्रोग्रॅमने तोच ओटीपी लगेच खऱ्या साइटवर टाकला की झालं काम. पासकी साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी फोन ती किल्ली वापरतच नाही. आपण घाईत असतो, पत्ता कोण वाचतंय, पण फोन वाचतो! मला विचाराल तर पासकीचा खरा फायदा हाच. २०२२ च्या मे मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी एकत्र येऊन याला पाठिंबा जाहीर केला तो काही उगाच नाही, एरवी हे तिघं कशावर एकत्र येतात?

पण गोम आहे. बऱ्याच ठिकाणी पासकी केली तरी जुना पासवर्ड मागे जिवंतच असतो, तो तकलादू असेल तर चोर तिकडूनच येईल. आणि बोट नाही चाललं की फोन पिन मागतो, म्हणजे पिन १२३४ असेल आणि घरात सगळ्यांना माहीत असेल तर सगळी मेहनत पाण्यात. फोन हरवला तर काय, हा पुढचा प्रश्न येणारच म्हणून सांगते, तुमची पासकी बहुतेक तुमच्या गूगल किंवा ॲपलच्या अकाउंटमधून नव्या फोनवर येते, पण सगळ्याच येतात असं नाही. मी फोन बदलला तेव्हा एका साइटची पासकी फक्त जुन्या फोनवर होती आणि मी तो फॉरमॅट करून मोकळी झाले होते, मग ग्राहकसेवेशी चार दिवस मेलामेली. तेव्हा दुसऱ्या एखाद्या डिव्हाइसवर पण पासकी करून ठेवा.

प्रश्न: ऑफिसात दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात, त्यात कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह सगळं हवं. मी शेवटचा आकडा वाढवत नेतो, सध्या १७ वर आहे.

उत्तर: १७ वाचून हसले, पण ही युक्ती चोरांनाही पाठ आहे, १६ वाला कुठे सापडला तर १७ करून बघायला कितीसा वेळ लागतो? हे नियम जगभर पसरले ते मुख्यतः अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये सांगून टाकलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. निस्टच्या २०२५ च्या आवृत्तीत तर स्पष्ट आहे की ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, चिन्ह-आकड्याची सक्ती नको, एकट्या पासवर्डवर लॉगिन असेल तर किमान १५ अक्षरं घ्या, आणि लीक झाल्याचा पुरावा असेल तर मात्र बदलायला लावाच. हे आयटीवाल्यांना दाखवा. ऐकतील याची खात्री नाही, तोवर १८ करण्यापेक्षा पासवर्ड मॅनेजरकडून, म्हणजे पासवर्ड बनवून जपून ठेवणाऱ्या ॲपकडून, दरवेळी पूर्ण नवा बनवून घ्या.

प्रश्न: पासवर्ड लीक झालाय का ते बघायला 'हॅव आय बीन पोन्ड'वर तोच पासवर्ड टाकायचा म्हणे. चोरी झाली का ते बघायला तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची?

उत्तर: शंका एकदम रास्त, अशीच शंका घेत जा. सायबर सुरक्षेतले तज्ज्ञ ट्रॉय हंट यांची ही साइट २०१३ पासून आहे आणि यावर तिथे मस्त तोड काढलीय. तुमच्या ब्राउझरमध्येच पासवर्डचा ४० अक्षरी हॅश बनतो, हॅश म्हणजे असा चुरा की ज्यावरून उलटं जाऊन मूळ पासवर्ड मिळत नाही, निदान सूत्र लावून तरी नाही. त्यातली पहिली फक्त ५ अक्षरं साइटला जातात, साइट त्या ५ अक्षरांनी सुरू होणारे लीक झालेले शेकडो हॅश परत पाठवते आणि तुमचा त्यात आहे का हे तुमच्याच ब्राउझरमध्ये बघितलं जातं. म्हणजे तुम्ही काय विचारलंत ते तिला कळतच नाही. तरी धाकधूक असेल तर अनेक पासवर्ड मॅनेजरमध्ये अशी तपासणी असते, ती वापरा.

प्रश्न: क्वांटम कॉम्प्युटर आला की सगळं एन्क्रिप्शन तुटणार का?

उत्तर: सगळं नाही. क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे काही ठराविक गणितं आजच्या कॉम्प्युटरपेक्षा फार झटपट सोडवू शकणारं वेगळ्या तत्त्वावरचं मशीन, आणि एन्क्रिप्शन तोडण्याइतकं ताकदवान मशीन अजून कोणी दाखवलेलं नाही. धोका 'आरएसए' सारख्या, म्हणजे सार्वजनिक-खाजगी किल्ल्यांच्या जोडीवर चालणाऱ्या, गणिताला आहे. पण आजचे मेसेज आज साठवून नंतर फोडता येतील म्हणून तयारी आत्ताच चाललीय, सिग्नल या मेसेजिंग ॲपने २०२३ मध्ये आणि ॲपलच्या आयमेसेज या मेसेज सेवेने २०२४ मध्ये क्वांटमपुढे टिकेल असं नवं गणित आणलं, अशा गणिताची निस्टची पहिली तीन मानकंही ऑगस्ट २०२४ मध्ये आली. तुम्ही फक्त अपडेट टाळू नका. आणि पासकीवाले काका, तुमची सहीसुद्धा सध्या जुन्याच जातीच्या गणितावर चालते, पण मेसेजसारखी ती साठवून कोणाला फायदा नाही, दरवेळी आकडा नवा असतो ना, त्यामुळे त्या किल्ल्या बदलायला अजून वेळ आहे.