इंदूरमध्ये राहतो. इलेक्ट्रिक गाडी घ्यावी, की सिंथेटिक इंधन किंवा इथेनॉलची वाट पाहावी?

वाट पाहू नका. शहरातल्या शहरात फिरायचं असेल तर इलेक्ट्रिकच घ्या. सिंथेटिक इंधनासाठी विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, मग तो कार्बन डायऑक्साइडशी जोडायचा. या खटाटोपात जाणाऱ्या विजेवर बॅटरीची गाडी चार-पाच पट लांब जाते. इथेनॉल तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) म्हणून पंपावर आलंच आहे, पण लिटरमागे शुद्ध इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा. छावणीत माझं गॅरेज आहे. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांचे फुगून मऊ पडलेले रबरी पाइप बघतोच (नव्या, ई२०साठी बनवलेल्या गाड्यांना ती भीती नाही). मात्र रोज भोपाळ-इंदूर करत असाल तर सीएनजी बघा. देवगुराडियाला २०२२पासून ओल्या कचऱ्याचा तसाच गॅस बनतो, सुरुवातीची क्षमता दिवसाला ५५० टन कचऱ्याची, आणि आपल्या सिटी बस त्यावर धावतात.