डीआयएफसीत कंपनी आमची, पण नाव दुसऱ्याच्या प्रसिद्ध ब्रँडचं निघालं, आता काय?

प्रश्न: मॅडम, मी आणि माझ्या मित्राने गेल्या वर्षी दुबईत डीआयएफसीमध्ये, म्हणजे दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर या फ्री झोनमध्ये, कंपनी काढली, इनोव्हेशन लायसन्सवर. घरखर्च, गुंतवणूक, विमा सगळं एका जागी दिसेल असं फॅमिलीसाठीचं ॲप आहे आणि आमचे बहुतेक ग्राहक दुबईत राहणारी भारतीय कुटुंबं आहेत. कंपनीचं नाव डीआयएफसीच्या रजिस्ट्रारने पास केलंय, सर्टिफिकेट हातात आहे. आता एका मोठ्या भारतीय हॉटेल ग्रुपच्या वकिलांची नोटीस आलीय की हे नाव आमचा प्रसिद्ध ट्रेडमार्क आहे, १४ दिवसांत नाव बदला, डोमेन आमच्या नावावर करा आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा. त्यांचं यूएईत एकही हॉटेल नाही. इथे त्यांचं ट्रेडमार्क रजिस्ट्रेशन आहे ते फक्त क्लास ४३ मध्ये म्हणजे हॉटेलच्या वर्गात, आमच्या ३६ मध्ये, म्हणजे आर्थिक सेवांच्या वर्गात नाही. सेटअप एजंट म्हणतो फ्री झोनला यूएईचा कायदा लागत नाही, टेन्शन घेऊ नका, उलट ३६ मध्ये आपणच पटकन अर्ज टाकू. नोटीस, लोगो आणि इन्व्हेस्टरना दाखवलेलं प्रेझेंटेशन जोडलंय. काय करावं?

उत्तर: तुमचे सगळे कागद वाचले. आधी निकाल सांगते मग कारणं सांगते, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. हे नाव सोडायची तयारी करा, पण त्या हमीपत्रावर आहे तशी सही अजिबात करू नका, आणि एजंट म्हणतोय तो ३६ चा अर्ज तर मुळीच टाकू नका.

एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. २००४ च्या फेडरल कायदा क्रमांक ८ प्रमाणे डीआयएफसीसारख्या फायनान्शियल फ्री झोनमध्ये यूएईचे दिवाणी आणि व्यापारी कायदे लागू होत नाहीत हे बरोबर, तिथे डीआयएफसीचे स्वतःचे कायदे आणि इंग्रजीतून चालणारी स्वतःची कोर्टं आहेत. पण त्याच कायद्यात फौजदारी कायदे मात्र लागू राहतील असंही आहे, ते एजंट लोक सांगत नाहीत. आणि बरीच वर्षं डीआयएफसीत ट्रेडमार्कसाठी वेगळा कायदाच नव्हता त्यामुळे बाहेरच्या रजिस्ट्रेशनचं आत काय होतं यावर वकीलसुद्धा वाद घालायचे, तुमच्या एजंटने ऐकलेली गोष्ट त्या काळातली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये डीआयएफसीने स्वतःचा बौद्धिक संपदा कायदा आणला, २०१९ चा कायदा क्रमांक ४, आणि तो प्रश्न तिथेच संपला.

या कायद्याने डीआयएफसीने स्वतःचं ट्रेडमार्क रजिस्टर उघडलं नाही हे नीट समजून घ्या. रजिस्ट्रेशन यूएईच्या अर्थ मंत्रालयातच होतं, आणि तिथे रजिस्टर झालेला मार्क डीआयएफसीच्या हद्दीत आपोआप मानला जातो. म्हणजे त्या ग्रुपचं ४३ मधलं रजिस्ट्रेशन गेटच्या बाहेर जेवढं खरं तेवढंच आतही खरं. शिवाय प्रसिद्ध मार्कला वेगळं संरक्षण आहे, त्याचा एक भाग रजिस्ट्रेशनवर अवलंबून नाही. अंमलबजावणीसाठी बौद्धिक संपदा आयुक्त नेमलाय, त्याच्याकडे तक्रार करता येते, तो दंड करू शकतो, आणि त्याचा निर्णय मान्य नसेल तर डीआयएफसी कोर्टात जाता येतं. त्यामुळे "आधी कोर्टात केस टाकतील, मग बघू" या भरवशावर राहू नका, त्यांना कोर्टाआधीची एक पायरी उपलब्ध आहे आणि ती तुलनेने स्वस्त आहे.

आता रजिस्ट्रारचं सर्टिफिकेट. हा गैरसमज मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं कारण लोकांनी त्याच्या भरवशावर बोर्ड, कार्ड, ॲप सगळ्यावर पैसे घातलेले असतात. रजिस्ट्रार नाव पास करतो म्हणजे काय करतो, तर त्याच्या यादीत त्याच नावाची दुसरी कंपनी नाही ना, नावात चालत नाहीत असे शब्द नाहीत ना, हे बघतो. जगात हे नाव कुणाचा ब्रँड आहे का हे तो तुमच्यासाठी शोधत बसत नाही. कंपनीचं नाव ही नोंद आहे, ब्रँड म्हणून वापरायचा हक्क वेगळा. आणि नाव दुसऱ्याच्या हक्कावर येतंय असं ठरलं तर ते बदलायला लावता येतं. ते सर्टिफिकेट तुमच्या बाजूने फार तर एवढंच सांगतं की तुम्ही लपूनछपून काही केलेलं नाही.

आता मुद्द्याचा भाग, म्हणजे क्लास. ४३ विरुद्ध ३६, हॉटेल विरुद्ध पैसे, मग भांडण कसलं, असं तुम्हाला वाटतंय. साध्या मार्कसाठी हा युक्तिवाद चांगला आहे, मी स्वतः तो मांडला असता. पण प्रसिद्ध मार्कसाठी कायदा मुद्दाम वेगळा केलाय. मूळ पॅरिस करारातलं, म्हणजे बौद्धिक संपदेच्या जुन्या आंतरराष्ट्रीय करारातलं आहे, कलम ६ बिस, तिथे संरक्षण सारख्याच मालापुरतं होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात ते सेवांना लागू झालं आणि कलम १६(३) ने एक पाऊल पुढे टाकलं, की माल किंवा सेवा वेगळी असली तरी दोन गोष्टी दिसल्या तर मार्कचा मालक अडवू शकतो. एक, त्या वापरामुळे लोकांना मालकाशी काही संबंध आहे असं वाटेल, आणि दोन, त्यामुळे मालकाचं नुकसान व्हायची शक्यता आहे. त्यासाठी मार्क रजिस्टर्ड असावा लागतो, आणि त्यांचा यूएईत ४३ मध्ये आहेच. यूएईचा २०२१ चा ट्रेडमार्क कायदा, फेडरल डिक्री कायदा क्रमांक ३६, याच दोन कसोट्या वापरतो. म्हणजे "आमचा क्लास वेगळा" हे उत्तर नाही, उत्तर द्यायचं ते संबंध आणि नुकसान या दोन मुद्द्यांवर.

आणि प्रसिद्ध म्हणजे किती प्रसिद्ध? यूएईत एकही हॉटेल नाही म्हणून प्रसिद्ध नाही, असं होत नाही. प्रचारातून, जाहिरातीतून झालेली ओळखही धरली जाते, मार्क किती वर्षं वापरात आहे, किती देशांत रजिस्टर आहे, त्याची किंमत काय हेही बघतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची १९९९ ची संयुक्त शिफारस तर स्पष्ट म्हणते की प्रसिद्ध ठरवण्यासाठी त्या देशात मार्कचा वापर झालाच पाहिजे अशी अट घालू नये. सगळ्या जनतेला माहीत असण्याचीही गरज नाही, संबंधित वर्गाला माहीत असलं की बास. आणि इथेच तुमची केस ढासळते, कारण तुमचे ग्राहक कोण, तर दुबईतली भारतीय कुटुंबं. त्या हॉटेलच्या लॉबीत ज्यांची लग्नं, साखरपुडे, ऑफिसच्या पार्ट्या झाल्यात तीच माणसं. दुबईत एखाद्या दुसऱ्या देशाच्या माणसाला ते नाव माहीत नसेल, पण तुमच्या ॲपच्या ग्राहकाला नक्की माहीत आहे.

तरीसुद्धा मी म्हणाले असते की थोडं लढून बघू, कारण हॉटेलवाला गुंतवणुकीचं ॲप काढेल असं लोकांना सहज वाटेल का यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पण तुमच्या प्रेझेंटेशनची सातवी स्लाइड बघितली आणि मत बदललं. तिथे तुम्ही मोठ्या अक्षरात लिहिलंय की त्या हॉटेलात जशी बडदास्त मिळते तशी आता तुमच्या पैशांना मिळेल, बाजूला सोनेरी कमान, आणि लोगोतला गडद मरून रंग त्यांच्याच जवळ जाणारा. संबंध त्यांना सिद्ध करावा लागणार होता, तो तुम्हीच स्लाइडवर लिहून दिलात. डिझायनरने दिलं हे खरं असेल, पण कोर्ट डिझायनरला नाही विचारणार. नाव योगायोगाने जुळलं असं म्हणायची वाट या एका स्लाइडने बंद केली आणि हेतूचा प्रश्न उभा केला.

ती स्लाइड आता डिलीट करू नका हं. हे मी ठासून सांगतेय कारण घाबरलेला माणूस पहिलं हेच करतो. इन्व्हेस्टरच्या मेलबॉक्समध्ये ती आहेच, तुमच्याकडून गायब झाली तर ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल आणि डीआयएफसी कोर्टात कागद उघड करायची वेळ आली की फार महागात पडेल. वापर थांबवा, नवीन कुणाला पाठवू नका, मूळ फाइल तशीच जपून ठेवा. इन्स्टाग्रामच्या पोस्टचंही तेच, आधी स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, मग लपवा.

३६ मध्ये स्वतःच अर्ज टाकायचा विचार का सोडायचा तेही सांगते. मंत्रालय अर्ज तपासतानाच, हा दुसऱ्याचा प्रसिद्ध मार्क आहे म्हणून तो अडवू शकतं. समजा तिथून सुटला तरी अर्ज जाहीर झाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस असतात आणि त्या ग्रुपचे वकील आता डोळ्यात तेल घालून बसलेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नोटीस मिळाल्यावर टाकलेला अर्ज हा वाईट हेतूचा सरळ पुरावा. पॅरिस करारात साधारणपणे असा मार्क रद्द करायला किमान ५ वर्षांची मुदत असते, पण वाईट हेतूने केलेल्या रजिस्ट्रेशनला मुदतच नाही, म्हणजे ते तुमच्या डोक्यावर कायम टांगतं राहील.

फौजदारीबद्दल घाबरवत नाहीये पण माहीत असू दे. २०२१ च्या कायद्यात रजिस्टर्ड मार्कची नक्कल करून लोकांना फसवणाऱ्याला कैद आणि १ लाख ते १० लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्हीपैकी एक अशी शिक्षा आहे, आणि वर म्हटलं तसं फौजदारी कायदे फ्री झोनमध्येही चालतात. तुमचं प्रकरण त्या थराचं नाही, वेगळ्या सेवेवर सारखं नाव एवढ्यावर कुणी तिथे जात नाही. पण नोटीसनंतरही हट्टाने चालू ठेवलंत तर समोरच्याला दबाव टाकायला एक हत्यार मिळतं. तसंच तुमचं ॲप डीआयएफसीच्या चार भिंतींत थोडंच चालतं, ते दुबईतल्या अल बर्शासारख्या बाहेरच्या वस्तीतल्या घरातही उघडतं, त्यामुळे बाहेरच्या दुबई कोर्टात जायचा मार्गही त्यांना मोकळा आहे.

आता पुढचे १४ दिवस. पहिल्या आठवड्यातच छोटं उत्तर पाठवा की नोटीस मिळाली, आम्ही विचार करतोय, कुठलाही आरोप मान्य नाही, आमचे सगळे हक्क राखून. त्यात त्यांच्याकडून यूएईच्या रजिस्ट्रेशनच्या प्रती आणि मार्क प्रसिद्ध असल्याचा पुरावा मागा. मागणं वाजवी आहे आणि त्यामुळे वेळही मिळतो. तडजोडीचं पत्र मात्र वेगळं काढा, त्यावर "विदाउट प्रेज्युडिस" लिहा म्हणजे बोलणी फिसकटली तर तेच पत्र तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही. दोन पत्रं एकत्र करू नका, लोक करतात आणि मग कुठली ओळ खाजगी आणि कुठली उघड यावर गोंधळ होतो.

हमीपत्रात तीन गोष्टींना माझी हरकत आहे. कलम २ मध्ये तुम्ही मार्कचा भंग केला हे कबूल करताय, ते काढायला लावा, नाव बदलतोय एवढं पुरेसं आहे. कलम ४ मध्ये "जगात कुठेही, कधीही, सारखं वाटेल असं कुठलंही नाव" असं आहे, हे इतकं सैल आहे की उद्या तुमच्या नव्या नावातलं पहिलं अक्षर जुळलं तरी नोटीस येईल, ते नेमकं त्या नावापुरतं आणि त्या लोगोपुरतं करा. कलम ७ मध्ये त्यांच्या वकिलांची फी तुम्ही भरायची आहे, ती नाही म्हणा, लवकर मिटतंय तर दोघांनी आपापला खर्च सोसायचा. बदल्यात मागा ९० दिवसांची मुदत. १४ दिवसांत ॲप स्टोअरवरचं नाव, बँकेचे कागद, ग्राहकांचे करार कुणीच बदलू शकत नाही आणि हे त्यांनाही माहीत आहे, तो आकडा तुम्हाला हलवण्यासाठी टाकलाय.

डोमेनवर थोडी घासाघीस होऊ शकते. डॉट कॉमसाठी यूडीआरपी नावाची तक्रारीची पद्धत आहे आणि डॉट एईसाठी तशीच एईडीआरपी, दोन्ही तक्रारी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या केंद्राकडे करता येतात. यूडीआरपीत त्यांना तुमचा वाईट हेतू दाखवावा लागतो आणि तुमची सातवी स्लाइड परत तिथे येणार. म्हणून डोमेन द्या, पण ९० दिवस त्यावरून नव्या साइटवर लोकांना वळवण्याची परवानगी घेऊन द्या, नाहीतर जुने ग्राहक हरवतील.

नाव बदलताना डीआयएफसीत ठराव करून रजिस्ट्रारकडे अर्ज जाईल, आणि पुढे डीएफएसएकडे, म्हणजे डीआयएफसीतल्या आर्थिक सेवांच्या नियामकाकडे, रेग्युलेटेड सेवेसाठी काही अर्ज चालू असेल तर त्यांनाही लगेच कळवा, नावातला फरक नंतर उघडकीला आला तर उगाच प्रश्न विचारतात. मित्राशी बोलून घ्या, दोघांची सही लागेल आणि तुमच्या ईमेलवरून वाटतंय की त्याला अजून लढायचंय.

नवीन नाव निवडताना मंत्रालयाच्या रजिस्टरमध्ये ३६ सोबत ९ आणि ४२ पण शोधा, ॲप आहे म्हटल्यावर सॉफ्टवेअरचे क्लास सुटले तर परत हेच. आणि भारतातला रजिस्टरही बघा कारण तुमचे ग्राहक तिकडचेच. तीन नावं काढून मला पाठवा, शोध झाल्याशिवाय डिझायनरला फोन करू नका. नोटीसवरची तारीख आणि ती तुमच्या हातात प्रत्यक्ष पडली ती तारीख, दोन्ही लिहून पाठवा, १४ दिवस नक्की कुठून मोजायचे ते त्यावर ठरेल.