शाळिग्राम हा मुळात कुठला दगड? त्यावरचं चक्र कोणी कोरलेलं असतं का?

चक्र खरं असेल तर ते कोणी कोरलेलं नसतं. तो अमोनाइटचा जीवाश्म आहे. गोगलगायीसारखं वेटोळं कवच असलेला, पण नात्याने माखली-ऑक्टोपसच्या जवळचा समुद्री प्राणी. शाळिग्राम येतो 'स्पिती शेल' या काळ्या, पापुद्रे सुटणाऱ्या गाळाच्या खडकातून. हा थर हिमाचलातल्या स्पितीपासून नेपाळच्या मुक्तिनाथ भागापर्यंत सापडतो.

साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता. तळाच्या बारीक चिखलात मेलेले अमोनाइट पडायचे, कवचाभोवती खनिजं साचून कठीण गोळा बनायचा. पुढे भारतीय भूखंड आशियाला धडकला आणि समुद्रतळ वर उचलला गेला. आता मऊ शेल झिजतो, टणक गोळे तेवढे सुटे होऊन नेपाळमधल्या काली गंडकी नदीत येतात, पाण्याने गुळगुळीत होतात. काहींत सोनेरी चमक दिसते. ते सोनं नव्हे, बहुतेकदा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं चमकदार खनिज असतं. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका!

सह्याद्रीत असले दगड शोधू नका, तो लाव्हाचा बेसाल्ट आहे.