अमिलॉइड पेट स्कॅन: करायचा की नाही?

दर वेळी निम्मे प्रश्न ‘अल्झायमरचा स्कॅन’ याच विषयावर येतात, म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतोय. अमिलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, आणि पेट स्कॅन म्हणजे थोडं किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेलं मेंदूचं चित्र.

आईचा एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे अल्झायमर नाही ना?
असं म्हणता येत नाही, सुरुवातीला एमआरआय नॉर्मल असू शकतो. रिपोर्ट घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा.

एफडीजी पेट आणि अमिलॉइड पेट एकच का?
नाही. एफडीजी हे ग्लुकोजसारखं द्रव्य, त्यातून मेंदूचा कुठला भाग ग्लुकोज कमी वापरतोय ते कळतं. फ्लोरबीटापिर, फ्लूटेमेटामॉल, फ्लोरबीटाबेन ही टोचायची द्रव्यं अमिलॉइडच्या साठ्यांना चिकटतात, आणि फ्लोरटॉसिपिर टाऊ या दुसऱ्या प्रथिनाला. कुठला करायचा हे डॉक्टरांना ठरवू द्या.

रेडिएशनची भीती वाटते.
या द्रव्यांमधलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, डोसही थोडा असतो. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी सांगा.

वय ५८, त्रास काहीच नाही, पण वडिलांना अल्झायमर होता. चेकअप पॅकेजमध्ये हा स्कॅन आहे, करू का?
नको. अहो, अमिलॉइड लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साठायला लागतं आणि कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत ते असूनही शेवटपर्यंत स्मृती शाबूत राहते, मग स्कॅन पॉझिटिव्ह आला तर तुम्ही त्या कागदाचं करणार काय, रोज किल्ली सापडली नाही की घाबरणार? २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फ्लोरबीटापिरला मंजुरी दिली तेव्हा लेबलवरच लिहिलं होतं की पॉझिटिव्ह स्कॅन म्हणजे अल्झायमरचं निदान नाही. पॅकेजवाले ही ओळ कधी सांगत नाहीत, ‘लवकर ओळखा’ एवढंच मोठ्या अक्षरात छापतात, आणि याचा मला खरंच राग येतो कारण घाबरलेली माणसं नंतर माझ्यासमोर येऊन बसतात. स्कॅनचा खरा उपयोग लक्षणं आहेत, तपासणी झालीय आणि तरी निदान अडलंय तिथे होतो, आणि निगेटिव्ह आला तर विसरण्याचं कारण अल्झायमर असण्याची शक्यता खूपच कमी होते, मग दुसरीकडे शोधता येतं. काळजी वाटत असेल तर घरातला इतिहास घेऊन डॉक्टरांशी बोला, स्कॅन नंतर.

बाबा वर्षभर तेच तेच विचारतात. नातेवाईक म्हणतात वयामुळे होतं, स्कॅनपर्यंत थांबू का?
वर्षभर थांबलात हेच चुकलं! नातेवाईकांचं ऐकू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. आणि अल्झायमरच निघाला तर लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यातच देतात, तीही अमिलॉइड असल्याची खात्री करून आणि एमआरआयवर लक्ष ठेवून, कारण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या.