अंदमानचं सेल्युलर जेल म्हणजे पॅनॉप्टिकॉनच ना?

नाही. मधे मनोरा आहे म्हणजे तिथून सगळे कैदी दिसत असणार असं तुम्ही धरलंय, बऱ्याच जणांना तसंच वाटतं, पण मनोरा असला की झालं पॅनॉप्टिकॉन असं नसतं.

पॅनॉप्टिकॉन ही तुरुंगाच्या इमारतीची आयडिया, इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमची, १७९१ ला छापून आली. गोल इमारत, कडेने कोठड्या, मधोमध पहारेकरी. कोठडीला बाहेरच्या बाजूने खिडकी आणि आतल्या बाजूने नुसते गज, म्हणजे मागून उजेड आला की आतला माणूस स्पष्ट दिसणार, पण मनोऱ्याच्या खिडक्यांना पडदे, त्यामुळे तिथे कोणी बसलंय की नाही हे कैद्याला कळतच नाही, मग बिचारा कायम कोणीतरी बघतंय असं धरूनच वागतो. असं खरोखर बघायचं तर क्यूबातलं प्रेसिदियो मोदेलो जेल बघा, १९२० च्या दशकात बांधायला घेतलेलं, गोल इमारती आणि प्रत्येकीच्या मधोमध मनोरा.

सेल्युलर जेल (१८९६ ते १९०६) मात्र चाकाच्या आऱ्यांसारखं, सात तीनमजली विंगा. मनोऱ्यावरून व्हरांडे दिसतात, कोण बाहेर फिरतंय ते दिसतं, पण कोठडीच्या आत नजर जात नाही कारण सगळ्या दारांची रांग तुम्ही टोकाकडून बघताय. फिलाडेल्फियाचं १८२९ चं ईस्टर्न स्टेट किंवा लंडनचं पेंटनव्हिल, हे तुरुंगही असेच आऱ्यांचे, त्या घराण्यातलं हे जेल.

इथे सगळा जोर कैद्यांनी एकमेकांना बघू नये यावर होता आणि तो भाग खरंच डोकं लावून केलाय. एका विंगच्या दारांसमोर दुसऱ्या विंगची पाठ येते, म्हणजे समोर दिसणार काय तर भिंत. कोठडी साधारण साडेतेरा बाय साडेसात फूट, मागे उंचावर एक झरोका, बास. आणि दाराची कडी बघाच, ती दारावर संपत नाही, लांब दांडा बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत जातो आणि कुलूप तिथे, गजांतून हात कितीही ताणा, पोचत नाही. बाबाराव आणि तात्याराव सावरकर, सख्खे भाऊ, एकाच जेलमधे आणि तरी भेटीची चोरी!

आता तीनच विंगा उरल्यात, आवारात हॉस्पिटल झालंय, त्यामुळे हे समोरासमोरचं गणित पटकन लक्षात येत नाही. गेलात तर मनोऱ्यावर चढून बघा किती कोठड्यांच्या आतलं दिसतं ते.